दृष्टिदोषावरील लेसर-शस्त्रक्रिया : रुग्णाच्या अपेक्षेचा इतिहास

शस्त्रक्रियेच्या इतिहासात एक क्रम सामान्यतः गृहीत धरलेला असतो. प्रथम व्याधी, मग वेदना किंवा अपंगत्व आणि अखेरीस नाइलाज म्हणून शस्त्र. मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया या क्रमात सहज बसते. कारण तेथे दृष्टी आधीच मंदावलेली असते व तीच परत मिळवावयाची असते. चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया मात्र या क्रमाबाहेरची आहे. तिच्यासाठी येणाऱ्या मनुष्याचा डोळा बहुधा निरोगी असतो, आणि चष्मा लावला असता त्याला उत्तम दिसत असते. गमावलेले परत मिळविणे हा येथे हेतू नसून, जे साधनाच्या साहाय्याने मिळते ते साधनावाचून मिळावे, एवढाच हेतू असतो. म्हणूनच या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या अपेक्षेला जे महत्त्व आहे, ते अन्य शस्त्रक्रियांत क्वचितच आढळते. आंधळ्याला अंधुक दिसू लागले तरी तो लाभ होय. परंतु चष्म्याने स्वच्छ पाहणाऱ्याला रात्री दिव्यांभोवती वलये दिसू लागली, तर ती हानी होय.

लेसरने डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेताना कशाची अपेक्षा धरावी, हा प्रश्न आज नित्य विचारला जातो. त्याचे उत्तर वैद्यकाला आरंभापासून ठाऊक होते, असे मात्र नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत दिलेली आश्वासने, त्यांतील काहींचा झालेला भंग आणि त्या भंगाचे सावकाश झालेले मोजमाप यांतून ते उत्तर सिद्ध झाले आहे. रुग्णाला आज जी सूचनापत्रिका दिली जाते, तिच्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे या इतिहासातील एखादे प्रकरण उभे आहे.

१. चष्म्याचे शास्त्र

चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आला. परंतु तो का उपयोगी पडतो, हे कळावयास पुढे तीन शतके लागली. डोळ्यात शिरणाऱ्या किरणांची प्रतिमा दृष्टिपटलावर उलटी उमटते, ही गोष्ट योहानेस केप्लर याने १६०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पष्ट केली. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ याने बुबुळावरील पारदर्शक आवरणाची, म्हणजे स्वच्छमंडलाची, वक्रता जिवंत डोळ्यात मोजण्याचे उपकरण सिद्ध केले, आणि १८५१ मध्ये डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे साधनही वैद्यकाच्या हाती दिले. उट्रेख्टचे डोंडर्स यांचा १८६४ मधील ग्रंथ या अभ्यासाचा कळस मानला जातो. डोळ्याची लांबी आणि त्याची किरण वळविण्याची शक्ती यांचा मेळ नसणे हा रोग नसून प्रमाणाचा दोष आहे, आणि योग्य भिंगाने तो दूर होतो, हा विचार त्यांनी दृढ केला.

या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. डोळ्याची एकूण वक्रीभवनशक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यांपैकी सुमारे ४३ डायॉप्टर एकट्या स्वच्छमंडलाची असते. हा पडदा मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून किंचितच जाड असतो, त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि तो बाहेरून हाताशी येण्यासारखा असतो. त्याची वक्रता थोडी जरी बदलता आली तरी चष्म्याचे काम डोळाच करील, असा तर्क यातून निघणे स्वाभाविक होते. पुढील सर्व प्रयत्नांचे मूळ या तर्कात आहे.

२. शस्त्राचा काळ

डच नेत्रवैद्य लान्स यांनी १८९८ मध्ये सशांच्या डोळ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, व स्वच्छमंडलावर आरपार न जाणारे छेद दिले असता त्याची वक्रता ठरावीक रीतीने बदलते, हे दाखविले. माणसांवर या तत्त्वाचा मोठ्या प्रमाणावर अवलंब प्रथम जपानमध्ये झाला. टोकियोचे नेत्रवैद्य त्सुतोमु सातो यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून या विषयावर काम केले. स्वच्छमंडल शंकूसारखे पुढे येण्याच्या विकारात त्याचा आतील थर आपोआप फाटून पुढे ते सपाट होते, असे त्यांच्या पाहण्यात आले होते. म्हणून निकटदृष्टिता घालविण्यासाठी त्यांनी बाहेरून तसेच आतूनही छेद देण्याची पद्धत बसविली व शेकडो डोळ्यांवर ती वापरली. आरंभीचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते आणि १९५३ मध्ये ते अमेरिकन नियतकालिकातही प्रसिद्ध झाले.

स्वच्छमंडलाच्या आतील बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. तो आतील पाणी सतत बाहेर खेचतो, आणि म्हणूनच हा पडदा पारदर्शक राहतो. या पेशी नष्ट झाल्या असता माणसाच्या डोळ्यात त्यांची भरपाई नव्या पेशींनी होत नाही. सातो यांच्या काळी हे ज्ञान उपलब्ध नव्हते. आतून दिलेल्या छेदांनी नेमका हाच थर दुखावला गेला होता. उरलेल्या पेशींनी काही काळ भार वाहिला. परंतु सुमारे २० वर्षांनंतर यांतील अनेक डोळ्यांत स्वच्छमंडल सुजून धुरकट होऊ लागले. चष्मा टाकण्यासाठी गेलेल्या तरुणांपैकी अनेकांची दृष्टी अशा रीतीने प्रौढ वयात अधू झाली. या प्रकरणाने पुढील पिढ्यांना एक धडा दिला : निरोगी डोळ्यावरील शस्त्रक्रियेचा निकाल काही महिन्यांत लागत नाही, त्याला दशके जावी लागतात.

याच सुमारास होझे इग्नासिओ बाराकेर यांनी वेगळी वाट धरली. मूळचे बार्सेलोनाचे असलेले हे नेत्रवैद्य कोलंबियातील बोगोटा येथे स्थायिक झाले होते. छेद देऊन पडदा ढिला करण्याऐवजी त्यातील द्रव्यच मापून कमी करावे, असा विचार त्यांनी १९४९ मध्ये मांडला. स्वच्छमंडलाचा वरचा पातळ काप काढावयाचा, तो गोठवून सूक्ष्म चरकावर घडवावयाचा आणि पुन्हा जागी बसवावयाचा, अशी ही कृती होती. ती अतिशय अवघड असल्याने फार पसरली नाही. परंतु तिच्यासाठी त्यांनी ‘केरॅटोमिल्युसिस’, म्हणजे स्वच्छमंडलाचे कोरीवकाम, हा ग्रीक धातूंवरून घडविलेला शब्द योजिला. आजच्या ‘लेसिक’ या संक्षेपातील शेवटचे अक्षर त्याच शब्दाचे आहे. लेसिक म्हणजे लेसरच्या साहाय्याने जागच्या जागी केलेले कोरीवकाम. नावापुरते पाहिले तरी ही शस्त्रक्रिया लेसरहून जुनी आहे, हे ध्यानात येते.

तिसरा प्रयत्न मॉस्को येथील स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांचा. १९७० च्या दशकात त्यांनी केवळ बाहेरील बाजूने, चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देण्याची पद्धत रूढ केली. आतील थराला धक्का लागत नसल्याने सातो यांच्या पद्धतीतील मुख्य दोष टळला. १९७८ मध्ये ही पद्धत अमेरिकेत पोहोचली आणि तेथे तिचा प्रसार वेगाने होऊ लागला. हा प्रसार पुराव्याच्या पुढे धावत आहे, असे जाणवल्यावरून अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या आश्रयाने ४३५ रुग्णांची एक योजनाबद्ध पाहणी हाती घेण्यात आली. तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. चष्म्याविना पाहताना ८५ टक्के डोळ्यांना २०/४० किंवा त्याहून चांगली दृष्टी होती. हा लाभ खराच होता. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या सहाव्या महिन्यापासून दहाव्या वर्षापर्यंतच्या काळात ४३ टक्के डोळे एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक प्रमाणात दूरदृष्टितेकडे सरकले होते. खोल छेदांनी दुबळे झालेले स्वच्छमंडल वर्षानुवर्षे सपाट होत राहिले होते.

या दुबळेपणाचे एक विलक्षण उदाहरण १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर दिसून आले. टेक्सासचे डॉक्टर बेक वेदर्स यांच्या डोळ्यांवर अशी शस्त्रक्रिया झालेली होती. अतिउंचीवर त्यांची दृष्टी इतकी मंदावली की, शिखराचा प्रयत्न सोडून त्यांना वाटेतच थांबावे लागले. विरळ हवेत प्राणवायू कमी मिळाला असता छेद दिलेल्या स्वच्छमंडलाचा आकार बदलतो, हे पुढील अभ्यासांनी दाखवून दिले.

३. प्रकाशाचा शस्त्र म्हणून उपयोग

उत्तेजित प्रारणाची कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडली होती. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर-झोत निर्माण केला. वैद्यकात त्याचा प्रवेश डोळ्याच्या द्वारेच झाला. प्रकाशाला आत जाण्याचा मार्ग निसर्गानेच मोकळा ठेवलेले हे इंद्रिय असल्यामुळे, डोळा न उघडता दृष्टिपटलावरील विकृत भाग भाजून टाकणे शक्य होते. १९६० च्या दशकात माणकाचा आणि मग आर्गॉन वायूचा लेसर या कामी आला. पण हे लेसर उष्णतेने भाजणारे होते. स्वच्छमंडल भाजले असता ते पांढरे पडते. म्हणून त्याला आकार देण्याच्या कामी त्यांचा उपयोग नव्हता.

ही अडचण दूर करणारा शोध नेत्रवैद्यकाच्या बाहेर लागला. मद्रास विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे न्यूयॉर्क राज्यातील आय. बी. एम. च्या संशोधनकेंद्रात काम करीत होते. जेम्स विन व सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील ‘एक्सायमर’ लेसरने प्लॅस्टिकवर स्वच्छ कोरीवकाम करता येते, हे त्यांना दिसून आले होते. सजीव ऊतीवर त्याचा परिणाम काय होईल, हे पाहण्यासाठी २७ नोव्हेंबर १९८१ रोजी श्रीनिवासन यांनी आदल्या दिवशीच्या सणाच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगशाळेत नेला. हिरव्या लेसरने तो करपला. अतिनील लेसरने मात्र कडा न करपता त्यावर रेखीव खाच पडली. या किरणांची ऊर्जा रेणूंचे बंध थेट तोडते व तुटलेले कण उष्णता मागे पसरण्यापूर्वीच उडून जातात, असा त्याचा अर्थ होता.

कोलंबिया विद्यापीठातील नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या सहकार्याने स्वच्छमंडलावर केलेले प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरचा प्रवास पूर्वीच्या मानाने सावध होता. प्राण्यांचे डोळे, मग दृष्टी गेलेले मानवी डोळे, आणि १९८८ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या मार्गरिट मॅकडॉनल्ड यांच्या हातून, दृष्टी असलेला परंतु गाठीमुळे काढून टाकावा लागणार असलेला एक डोळा, असा हा क्रम होता. सातो यांच्या रुग्णांचे जे झाले ते वैद्यकाच्या स्मरणात होते, असे या क्रमावरून म्हणावयास हरकत नाही.

आरंभीच्या पद्धतीत स्वच्छमंडलाची वरची त्वचा खरवडून उघड्या पृष्ठभागावर लेसर चालविला जाई. पी. आर. के. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यात तीन-चार दिवस वेदना होतात आणि दृष्टी सावकाश सुधारते. हे टाळण्यासाठी क्रीट बेटावरील इओआनिस पालिकारिस, मिलानचे लुचिओ बुरात्तो आदींनी १९९० च्या सुमारास बाराकेर यांच्या कापाची कल्पना पुन्हा हाती घेतली. काप पूर्ण न काढता एका बाजूस जोडलेला पापुद्रा उचलावयाचा, त्याखाली लेसर चालवावयाचा आणि पापुद्रा परत बसवावयाचा. हेच लेसिक होय. हा पापुद्रा आरंभी यांत्रिक पात्याने कापीत. २००० नंतर तो अतिसूक्ष्म काळाच्या स्पंदांच्या फेम्टोसेकंद लेसरने कापण्याची रीत प्रचारात आली. पापुद्रा न करता लहान छेदातून आतील चकती काढून घेण्याच्या ‘स्माइल’ या पद्धतीला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

लेसरच्या अचूकतेलाही हिशेबाची मर्यादा आहे. निकटदृष्टितेसाठी किती मायक्रॉन जाडी काढावी लागते याचे मनर्लिन यांनी १९८८ मध्ये दिलेले स्थूल सूत्र असे : डायॉप्टरच्या संख्येला क्षेत्राच्या मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाने गुणून ३ ने भागावे. ६ मिलिमीटर व्यासाला एका डायॉप्टरमागे १२ मायक्रॉन जातात. स्वच्छमंडल ५४० मायक्रॉनचे, पापुद्रा ११० चा आणि दोष ५ डायॉप्टरचा असेल, तर खाली ३७० मायक्रॉन उरतात. तेच स्वच्छमंडल ५०० चे, पापुद्रा १६० चा आणि दोष १० डायॉप्टरचा असेल, तर केवळ २२० उरतात. उरलेला भाग फार पातळ असला किंवा मुळातच दुबळा असला, तर स्वच्छमंडल पुढे फुगू लागते. लेसिकनंतर असे घडल्याची नोंद सायलर यांनी १९९८ मध्ये केली. खाली निदान २५० मायक्रॉन उरावेत, हा दंडक याच काळात रूढ झाला.

४. आजच्या रुग्णाचा अनुभव

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली असता, रुग्णाला आज ज्या टप्प्यांतून जावे लागते ते केवळ उपचार म्हणून ठेवलेले नाहीत, हे दिसून येते. पहिला टप्पा तपासणीचा. स्पर्शभिंगे वापरणाऱ्यास ती काही आठवडे बंद ठेवावयास सांगतात. कारण त्यांच्या दाबाने स्वच्छमंडलाचा आकार बदललेला असतो, आणि चुकीच्या आकारावर केलेला हिशेब चुकीचाच येतो. वय किमान १८ असावे, नंबर वर्षभर स्थिर असावा, स्वच्छमंडलाची जाडी व नकाशा मोजलेला असावा, डोळे कोरडे नसावेत, गर्भारपण किंवा अंगावर पाजण्याचा काळ नसावा, या अटी असतात. स्वच्छमंडल शंकूसारखे होण्याचे लक्षण आढळल्यास नकार मिळतो. हा नकार म्हणजे रुग्णाची निराशा नसून त्याचे रक्षण होय.

प्रत्यक्ष लेसिक काही मिनिटांचे असते. रुग्ण जागा असतो; थेंबांनी डोळा बधिर करतात व पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात. पापुद्रा करण्यासाठी डोळ्यावर कडे बसवून ओढ दिली असता दाब जाणवतो आणि काही क्षण दिसेनासे होते. ही गोष्ट आधी सांगितली नसेल तर भीती वाटणे साहजिक आहे. नंतर एका लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहावयाचे असते. लेसरचा टकटक आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वासही येतो. मात्र तो करपण्याचा नसून उडालेल्या कणांचा असतो.

त्यानंतर काही तास डोळे चुरचुरतात, पाणी येते, वाळू गेल्यासारखे वाटते. डोळा चोळण्यास कडक मनाई असते. कारण पापुद्रा टाके न घालता केवळ जागी बसविलेला असतो. झोपताना डोळ्यावर कवच लावावे लागते, एक-दोन दिवसांत पुन्हा तपासणी होते, औषधाचे थेंब चालू राहतात आणि पोहणे व अंगाला धक्का बसणारे खेळ काही आठवडे वर्ज्य असतात. अनेकांना दुसऱ्याच दिवशी चष्म्याविना चांगले दिसते, परंतु दृष्टी स्थिर होण्यास तीन ते सहा महिने लागू शकतात. पापुद्रा कापताना स्वच्छमंडलातील संवेदना वाहणारे मज्जातंतू तुटतात. म्हणून डोळ्यांना कोरडेपणा येतो. तो बहुतेकांचा ओसरतो, काहींचा रेंगाळतो.

या शस्त्रक्रियेने काय साधत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मराठी भाषेने वाचनाच्या चष्म्याला ‘चाळिशी’ हे नाव दिले, त्यात एक शरीरशास्त्रीय सत्य साठलेले आहे. चाळिशीनंतर जवळचे न दिसण्याचे कारण स्वच्छमंडलात नसून आतील भिंग ताठर होण्यात आहे. लेसरने स्वच्छमंडल घडविल्याने ते टळत नाही. उलट, चष्मा काढून जवळचे वाचण्याची निकटदृष्टी माणसाची सोय शस्त्रक्रियेनंतर नाहीशी होते. तसेच, निकटदृष्टी डोळा लांब असतो तो लांबच राहतो. त्यामुळे दृष्टिपटल सुटण्याचा त्याचा धोका पूर्ववत असतो. पुढे मोतीबिंदू झाल्यास कृत्रिम भिंगाची शक्ती ठरविणेही अधिक कठीण जाते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीची मापे जपून ठेवणे इष्ट असते.

५. अपेक्षेचे मोजमाप

लेसिकच्या यशाची गणना दीर्घकाळ तक्त्यावरील अक्षरांनी होत असे. तक्त्यावरील सर्वांत बारीक ओळ वाचणारा रुग्णही असमाधानी असू शकतो, ही गोष्ट त्या गणनेत मावत नव्हती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे एप्रिल २००८ मध्ये असमाधानी रुग्णांनी आपली गाऱ्हाणी मांडली. त्यानंतर रुग्णांनाच प्रश्न विचारून दोन पाहण्या करण्यात आल्या, एक नौदलातील कर्मचाऱ्यांची व दुसरी नागरिकांची. त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण आपल्या दृष्टीविषयी समाधानी होते. मात्र ज्यांना पूर्वी वलये, चकाकी, दुहेरी प्रतिमा यांसारखे कोणतेही लक्षण नव्हते, त्यांपैकी पहिल्या पाहणीत ४३ व दुसरीत ४६ टक्के रुग्णांना तीन महिन्यांनी असे एखादे तरी नवे लक्षण जाणवत होते. अशा लक्षणांमुळे नित्याच्या व्यवहारात फार अडचण येणारे मात्र १ टक्क्याहूनही कमी होते.

ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांपैकी एकच सांगणे म्हणजे रुग्णाची दिशाभूल होय. पहिलेच सांगितले तर जाहिरात होते. दुसरेच सांगितले तर भय पसरते. २०२२ मध्ये याच प्रशासनाने रुग्णांना द्यावयाच्या माहितीसंबंधी एक मसुदा प्रसिद्ध केला. निर्णयापूर्वी रुग्णाने वाचावयाची तपशीलवार यादी त्यात सुचविलेली होती. काही शल्यवैद्यांनी तो एकांगी ठरविला, तर त्रास भोगलेल्यांना तो आवश्यक वाटला. अपेक्षा कोणी व कशी घडवावी हा वाद अद्याप मिटलेला नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

सारांश, सातो, फ्योदोरोव आणि लेसिकचे प्रवर्तक यांच्यातील फरक केवळ साधनांच्या सूक्ष्मतेचा नाही. सातो यांच्या रुग्णाला वीस वर्षांनंतर काय होईल हे सांगणारे कोणी नव्हते. फ्योदोरोव यांच्या पद्धतीचे खरे स्वरूप दहा वर्षांच्या पाहणीने उघड झाले. आजच्या रुग्णाला त्याच्यासारख्या शेकडोंनी आपल्या तोंडाने सांगितलेला अनुभव शस्त्रक्रियेपूर्वीच उपलब्ध आहे. परंतु उपलब्ध असणे आणि त्याच्यापर्यंत पोहोचणे यांत अंतर आहे. निरोगी डोळा शस्त्राखाली देणाऱ्या मनुष्याने ते अंतर प्रश्न विचारून कमी करावे, आणि शस्त्र हाती घेणाऱ्याने उत्तर देऊन. या इतिहासातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष तो हाच.